नदीत रोहू-कटल्याला सहा गळांची स्प्रिंग कशाला? माझं मत: एकच गळ लावा

कृष्णाकाठचा (सांगली)
हल्ली नदीवर बसणाऱ्या बहुतेकांकडं दुकानातली रेडीमेड स्प्रिंग असते. मधे तारेची गुंडाळी, तिला चार नाहीतर सहा गळ लोंबतात, भोवती कणिक-पेंडीचा मुठीएवढा गोळा थापायचा आणि द्यायचा फेकून. मासे लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की नदीत ही स्प्रिंग लावूच नये.

रोहू काय किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) काय, हे मासे चावा घेत नाहीत, त्यांच्या जबड्यात दातच नसतात, दात असतात आत घशापाशी. ते ओठानं चाचपतात, तोंडात ओढतात, नको असेल ते परत फुंकून टाकतात. गोळ्याभोवती मोकळे सहा गळ लोंबत असले की माशानं तोंड लावून झटका दिला की एक गळ ओठात बसतो आणि बाकीचे जिथं मिळेल तिथं, कल्ल्यात, डोळ्यात, पोटाला. कित्येकदा तर तोंडात एकही नसतो, मासा नुसता अंगाला अडकून वर येतो. आणि जो ओढताना सुटतो तो फाटून सुटतो, तो जगला का मेला आपल्याला कळत पण नाही.

दुसरं म्हणजे नदी वाहती. तलावात स्प्रिंग जाऊन गप पडते, नदीत ती गरगर फिरते, गळ एकमेकांत गुंततात, प्लास्टिक, लुगड्याच्या चिंध्या, जुनी जाळी असलं सगळं गोळा करतात आणि शेवटी खडकाला बसून तुटतात. तुटलेले सहा गळ मग त्याच घाटावर राहतात जिथं म्हशी उतरतात आणि पोरं पोहतात.

मी काय वापरतो सांगतो. ०.३५ मिमीची तंगूसची (नायलॉनची) दोरी, त्यावर सरकतं चपटं शिसं ४० ग्रॅमच्या आसपास (गोल शिसं प्रवाहात गडगडत जातं), खाली मणी, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि वीतभर दोरीला ६ नंबरचा एकच गळ. शिसं सरकतं ठेवायचं कारण दोरी तुटली तर माशाला ते ओढत फिरावं लागत नाही. गळाच्या वाकाला बारीक दोरा काढून त्यात उकडलेल्या मक्याचे दोन दाणे ओवायचे, म्हणजे दाणे गळावर नाही तर गळाशेजारी, इंग्लंडातले कार्पवाले ह्याला हेअर रिग म्हणतात. मासा दाणा ओढतो, मोकळा गळ त्याच्यामागं आपोआप आत जातो आणि फुंकताना खालच्या ओठात बसतो. एकच गळ, तोही ओठात.

उजनी_बॅकवॉटर
दादा, शंभर टक्के असहमत. तुमचं सगळं गणित तळाला खाणाऱ्या माशाचं आहे. कटल्याचं काय? कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो खातो पाण्याच्या वरच्या थरात, आणि खातो काय तर पाण्यातले बारीक तरंगते जीव गाळून. तो तळाला जाऊन तुमचे मक्याचे दोन दाणे शोधत बसणार नाही. त्याला पाण्यात पिठाचा ढग लागतो, त्या ढगात तो तोंड उघडून फिरतो, आणि त्याच ढगात गळ असले तरच तोंडात जातात. एक गळ असला तर चुकायचीच शक्यता जास्त, म्हणून तर स्प्रिंग निघाली. आम्ही बोयाखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) पुरुषभर खोल लटकवतो, तळाला टाकतच नाही, त्यामुळं खडकात अडकायचा प्रश्न पण येत नाही.

आणि दुसरं एक. आमच्याकडं रविवारी बसणारे सगळे हौशी नाहीत. रीळ-रॉड घेऊन फोटो काढून सोडून देणारे वेगळे आणि संध्याकाळी घरी कालवण व्हावं म्हणून बसणारे वेगळे. दिवसात एकदाच कटल्यांचा घोळका समोरनं जातो आणि त्यातला एक लागायला पाहिजे, त्याला तुम्ही एकच गळ लाव म्हणता हे मला पटत नाही.

कृष्णाकाठचा (सांगली)
कटल्याचं बरोबर बोललात, तो ढगातच खातो. पण ढगाला सहा गळ लागत नाहीत, ढगाला पीठ लागतं. तुमचीच स्प्रिंग घ्या, सगळे गळ कापून टाका, आणि खाली फक्त चार बोटं लांब दोरीला एक गळ ठेवा. त्या गळाला हलकं काहीतरी लावा, पावाचा तुकडा दाबून किंवा मुरमुरा, म्हणजे तो खाली न लोंबता ढगातच तरंगत राहील. पीठ मात्र कोरडं मळा, तांदळाचा कोंडा जास्त आणि कणिक कमी, पाण्यात गेल्या गेल्या सुटायला लागलं पाहिजे. चिकट गोळा केला तर ढग होतच नाही, मग सहा काय बारा गळ लावले तरी कटला येणार नाही. बऱ्याच जणांचं चुकतं ते पिठात आणि भरपाई करतात गळ वाढवून.

कालवणासाठी बसणाऱ्यांबद्दल मी एक शब्द वाईट बोललो नाही, मीही मासा खातो. पण पोटाला गळ लागून अर्ध्यात सुटलेला मासा ना तुमच्या कालवणात येतो ना नदीत राहतो.

गोदाकाठ_नांदेड
मी दोघांच्याही विरोधात. स्प्रिंग पण नको आणि ते हेअर का काय ते पण नको. आमच्याकडं जुनी माणसं बांबूची काठी, एक गळ, मोराच्या पिसाच्या देठाचा बोया, एवढ्यावर रोहू काढायची. कणकेत थोडा कापूस पिंजून मिसळायचा म्हणजे गोळी पाण्यात लवकर सुटत नाही, थोडी भाजलेली बडीशेप कुटून घालायची, वाटाण्याएवढी गोळी, गळाचं टोक जरासं बाहेर. बोया कलला की झटका. खरं कसब त्या झटक्यात आहे. रिगवर मासा आपोआप अडकणार आणि तुम्ही घंटी वाजेपर्यंत मोबाईल बघणार, ह्यात मासेमारी कुठं राहिली? चार हजाराचं सामान नदीवर न्यायचं आणि नदीकडं बघायचंच नाही.

कृष्णाकाठचा (सांगली)
काका, कापसाची युक्ती एक नंबर, मी पण करतो. पण कणकेची गोळी आता नदीत टिकते का सांगा. चिलापी (तिलापिया) एवढी झालीय की गोळी तळाला पोचायच्या आत कुरतडून संपते. उकडलेला मका टणक असतो, चिलापीच्या लहान तोंडाला तो पेलत नाही, म्हणून मोठा मासा येईपर्यंत दाणा जागेवर राहतो. हेअर लावायचं खरं कारण हेच, आळस नाही.

माण_कोरेगावची
म्हशींचा मुद्दा आला म्हणून लिहिते. आमच्या म्हशीच्या खुरात असाच दोन गळांचा तुकडा रुतला होता, डॉक्टर बोलवून काढावा लागला. गळाला उलटा काटा असतो, तो ओढून निघत नाही, पुढं ढकलून टोक कापावं लागतं. त्यामुळं गळ एक असो की सहा, काटा पकडीनं दाबून सपाट करा अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. मासा दोरी ताठ ठेवली की सुटत नाही.

आणि अजून एक, ह्यावर कोणी बोललंच नाही. उन्हाळ्यात डोहात पाणी थांबलेलं असतं आणि लोक आदल्या रात्री पाच-पाच किलो पेंड टाकून जागा धरून ठेवतात. न खाल्लेली पेंड तळाला कुजते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. वर जलपर्णी असली तर अजून वाईट, कारण झाडं रात्रभर ऑक्सिजन घेतात आणि पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. अशा डोहात पहाटे चारला जाऊन बसणारे म्हणतात मासा उठत नाही. कसा उठेल? ऊन वर आल्यावर आठ-नऊला बसा, फरक दिसेल. चारा टाकायचाच असेल तर मूठ-मूठ टाका, मासा खातोय असं दिसलं तर पुढची मूठ.

उजनी_बॅकवॉटर
ताई, चाऱ्याचं पटलं, पण पहाटेचं सरसकट म्हणू नका. जिथं पाणी वाहतं, धरणातनं सोडलंय, तिथं पहाटच चांगली. तुमचं खरं आहे ते साचलेल्या डोहापुरतं.

माण_कोरेगावची
हो, मी साचलेल्या डोहाचंच म्हणतेय. वाहत्या पाण्याला हे लागू नाही.

वारणा_खोरं
माफ करा पण मला ह्या चर्चेचा रागच येतो. इकडं लोक डोहात जिलेटिनच्या कांड्या (स्फोटकं) उडवतात, बॅटरीचा करंट सोडतात, ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, मच्छरदाणीनं बोटाएवढी पिल्लं गाळून नेतात. स्फोटकं आणि विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे आणि तरी सर्रास चालू आहे. आणि आपण इथं गळ एक का सहा ह्यावर भांडतोय. काठीवाल्यानं सहा गळ लावले म्हणून नदी रिकामी होत नाही. खरे चोर सोडून गरीब गळवाल्याला शिस्त शिकवायची हे मला मान्य नाही.

कृष्णाकाठचा (सांगली)
जिलेटिनवाल्याविरुद्ध तक्रार करायला मी तुमच्या पुढं असेन. पण त्याला आपण कुठल्या तोंडानं सांगणार, जर आपल्याच हातातनं डोळा फुटलेला मासा नदीत परत जात असेल तर? जिलेटिन बंद करणं पोलिसांच्या हातात आहे, गळ कापणं माझ्या हातात आहे. मी दोन्हीवर बोलणार.

मावळचा_मी
इंद्रायणी आणि मुळा-मुठेच्या बाजूला स्प्रिंगला माझा ठाम विरोध आहे आणि कारण महसीर हा मासा. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या महसीराचं वर्णन केलं ते ह्याच मुळा-मुठेतल्या माशावरनं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर कित्येक वर्षं त्याची पिल्लं तयार करतंय, ती वेगवेगळ्या पाण्यात सोडली जातात. महसीर कणकेच्या गोळ्याला सर्रास येतो, तुम्ही रोहूसाठी टाकला तरी. एका गळानं ओठात लागला तर पाण्यातच पकडीनं काढून सोडता येतो. स्प्रिंगनं कल्ल्यात लागला तर सोडून काही उपयोग नाही, कल्ला फाटला की रक्त थांबत नाही. महसीर असलेल्या पट्ट्यात तरी हे सगळ्यांनी पाळावं.

नॉटिंगहॅमकर
मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडात ट्रेंट नदीवर बार्बेलला बसतो. इथं तळाला खाणारा मासा बार्बेल, तोंड खाली, मिशा, आपल्या मृगळासारखाच चाचपत खाणारा. सगळे एकच गळ लावतात, शिश्याबरोबर चाऱ्याचा पिंजरा आणि खाली लांब दोरीला एक दाणा. प्रवाह चाऱ्याचा वास खाली नेतो, मासा त्या वासाच्या रेषेत वर चढत येतो आणि रेषेच्या टोकाला आपला दाणा असतो. म्हणून वाहत्या नदीत एकाच ठिकाणी आणि थोडं थोडं फेकणं महत्त्वाचं, गळ किती ह्यानं फरक पडत नाही. दर वेळी दोन हात इकडं-तिकडं फेकलं तर रेषाच बनत नाही.

इथं लायसन्स लागतं, आणि नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी, मासा अंडी घालतो म्हणून. १६ जूनला सीझन उघडतो. आपल्याकडं उलटं होतं, पहिल्या पावसात चढणीच्या (प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या) माशांवर सगळे तुटून पडतात, जेव्हा त्यांच्या पोटात अंडी असतात. गळापेक्षा मला ते जास्त खटकतं.

उजनी_बॅकवॉटर
चढणीचे मासे ही आमच्याकडं वर्षाची एकदाची मजा आहे हो, अख्खं गाव ओढ्यावर असतं. इंग्लंडचा नियम इथं कसा लावणार?

नॉटिंगहॅमकर
नियम इंग्लंडचा नको, आपल्या माशाचा लावा. रोहू, कटला, मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात, तळ्यात साचलेल्या पाण्यात घालतच नाहीत. म्हणून तर मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १९५७ साली ओडिशात इंजेक्शन देऊन अंडी घालून घेतली, तो १० जुलै अजून मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे नदीतल्या माशाला वर्षातनं हे एवढेच आठवडे मिळतात. तेवढे आठवडे ओढ्यात आडवी जाळी लावू नये इतकंच म्हणतोय. गळाला बसा की खुशाल, पुराच्या गढूळ पाण्यात काठालगत संथ पाणी शोधा आणि गांडूळ लावा, वाम आणि शिंगटे तिथंच येतात.

गोदाकाठ_नांदेड
हे मात्र पटलं. गढूळ पाण्यात पीठ वाया जातं, गांडूळच पाहिजे, वासावर येतो मासा.

उजनी_बॅकवॉटर
ठीक, मी माझी बाजू परत मांडतो. तळाला आणि घाटाजवळ स्प्रिंग नको, हे मान्य, महसीराचं पण मान्य. पण बॅकवॉटरला बोयाखाली कटल्यासाठी मी दोन गळ ठेवणार. एकावर यायला तयार नाही. पुढच्या वेळी चार बोटांच्या दोरीवर मुरमुरा लावून बघतो, पण शेजारी माझी दोन गळांची स्प्रिंग लावूनच.

कृष्णाकाठचा (सांगली)
लावा, शेजारी शेजारीच लावा, तेच बरोबर. फक्त पीठ दोन्हीला एकच ठेवा आणि खोली पण सारखी, नाहीतर कशामुळं लागला ते कळणार नाही. आणि लागलेला मासा कुठं अडकलाय, तोंडात का बाहेर, तेवढं इथं लिहा.

नवीन_शिकतोय
मका किती उकडायचा? माझा दोऱ्यात ओवताना फुटतो.

कृष्णाकाठचा (सांगली)
रात्रभर नाही, पूर्ण एक दिवस भिजवा आणि मग अर्धा तास उकडा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. नखानं दाबला तर दबला पाहिजे पण साल फुटता कामा नये. कच्चा किंवा अर्धवट भिजलेला मका कधीच टाकू नका, चारा म्हणून पण नाही, तो माशाच्या पोटात फुगतो. सुईनं ओवा, दाण्याच्या पांढऱ्या टोकाकडनं.