‘फ्लटर’ला फडफड म्हणावं का?

गोदाकाठी: इथल्या एका कॉलेजसाठी सिव्हिलच्या नोट्स मराठीत करतेय. अमेरिकेतल्या टाकोमा नॅरोज या झुलत्या पुलापाशी अडकले. 1 जुलै 1940 ला खुला झाला, 7 नोव्हेंबरला पाण्यात. वारा ताशी जेमतेम 65 किमी. कारण ‘फ्लटर’, म्हणजे वाऱ्यात आपोआप वाढत जाणारं हलणं. मी ‘फडफड’ लिहिलं, तर तपासणाऱ्या सरांनी खोडलं. म्हणे, फडफड झेंड्याची, ‘अनुनाद’ लिहा.

तारतम्य: अनुनाद चूकच. त्याला ठरावीक तालात ढकलणारं कुणीतरी बाहेरचं लागतं, झोका देणाऱ्यासारखं. इथे ताल पुलाचाच होता. गाळ्याच्या मध्यावर केबलला धरणारा पट्टा सरकला, तोवर वरखाली हलणारा पूल पिळायला लागला, आणि दर पिळाला वाऱ्याकडून आणखी जोर घेत गेला. दोन मनोऱ्यांमधला गाळा 853 मीटर, कडेच्या तुळया फक्त 2.4 मीटर उंच, म्हणजे पूल लवचीक; त्याही भरीव पत्र्याच्या, वारा आरपार जाईना. ‘वातप्रेरित स्वयंदोलन’ म्हणा.

निफाडकर: स्वयंदोलन! ताई, आमच्या बागेत या. द्राक्षांवर प्लॅस्टिकचा कागद टाकतो. ताणून बांधला तर वारं झेलतो. एक दोरी ढिली राहिली की रात्रभर फडफडतो, सकाळी बघावं तर दोरीच्या भोकापासून उभा चिरलेला. ‘वाऱ्यानं फाटला’ असं आम्ही म्हणतच नाही, ‘फडफडून फाटला’ म्हणतो. सरांना सांगा.

तारतम्य: दादा, ढिली दोरी पटली. पण फडफडीत पीळ कुठे आला?

जुनंनाशिक: फडफडतं ते फडकं. शब्द मुळात कापडाचा. लोखंडाला लावू नये.

गोदाकाठी: मग फडताळ कधी फडफडलं, काका?

जुनंनाशिक: चेष्टा नको. शब्दाला कूळ असतं.

येवलेकर: पीळ हवा तर पतंग बघा. कन्नी, म्हणजे पतंगाला बांधायचा दोरा, एका अंगाला चुकली की गिरक्या घेतो, आणि घाबरून दोर ओढला तर आणखीच. ‘गिरकी’ लिहा की सरळ. संक्रांतीला मांजा गुंडाळायची आसारी धरलेल्या कुठल्याही पोराला कळेल.

जुनंनाशिक: आसारी नव्हे, चक्री.

येवलेकर: चक्री दुकानातली. आसारीला लांब दांडा असतो. येवल्यात येऊन चक्री म्हणून दाखवा.

गोदाकाठी: अहो, पूल राहिला! सरांना उद्या पानं द्यायचीत.

निफाडकर: आमच्याकडं पण चक्रीच म्हणतात.