क्षयरोगाच्या सामाजिक मुळांवरचे संशोधन कसे शोधावे?

प्रश्न : कळवेकर
नमस्कार. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात असून क्षेत्रकार्यासाठी कळव्यातील डोंगरउतारावरच्या एका वस्तीत जाते. तिथे दहा बाय बाराच्या, एकही खिडकी नसलेल्या खोलीत आधी सासरे, मग सून आणि आता नातू क्षयाच्या गोळ्या घेत आहे. गूगल स्कॉलरवर 'टीबी' आणि 'ठाणे' असे शोधले, की निदानाच्या चाचण्या आणि औषधांना दाद न देणारे जंतू यांवरचेच लेख समोर येतात. रोग त्याच घरात पुन्हा पुन्हा का शिरतो, याविषयीचे समाजशास्त्रीय संशोधन कुठे मिळेल?

उत्तर : ग्रंथपाल, ठाणे
आजाराच्या नावाने शोधले, तर वैद्यकीय लेखच वर येणार. त्याऐवजी 'सोशल डिटर्मिनंट्स' (आरोग्य ठरवणारे सामाजिक घटक) किंवा 'फंडामेंटल कॉजेस' (मूळ कारणे) हे शब्द वापरून पाहा. यांतील दुसरा शब्दप्रयोग ब्रूस लिंक आणि जो फेलन या समाजशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या निबंधामुळे रूढ झाला. पैसा, ज्ञान, सत्ता, प्रतिष्ठा आणि कामी येणाऱ्या ओळखी ज्याच्यापाशी असतात, तो प्रत्येक नव्या धोक्यातून आधी बाजूला होतो, त्यामुळे एक आजार हटला तरी विषमता दुसऱ्या वाटेने टिकून राहते, असे त्यांचे म्हणणे आहे. हा निबंध गूगल स्कॉलरवर शोधून त्याखालच्या 'साइटेड बाय'वर (त्याचा संदर्भ देणाऱ्या लेखांच्या यादीवर) टिचकी मारा आणि त्या यादीच्या आतच 'इंडिया' व 'ट्युबरक्युलोसिस' शोधा. बहुतेक विद्यार्थी ही दुसरी पायरी गाळतात आणि मग काहीच मिळत नाही म्हणतात. भारतीय प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रंथालय तुम्हाला जवळ आहे, मात्र बाहेरच्यांसाठीचे नियम आधी विचारून जावे.

उत्तर : ऐरोलीकर
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु 'मूळ कारण' हा शब्द जपून वापरावा. ब्रिटनमध्ये १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासातील सगळे सरकारी नोकर होते, म्हणजे उपाशी कोणीच नव्हते. तरीही हुद्दा जितका खालचा, तितके मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. केवळ गरिबीवर बोट ठेवून ही उतरंड उलगडत नाही.
शिवाय डॉक्टरांचे लेख सरसकट वगळू नका. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना काही महिने जादा शिधा देऊन पाहिलेला प्रयोग २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आहे. ज्यांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी राहिले. नियतकालिक वैद्यकीय असले, तरी प्रश्न ताटातल्या अन्नाचाच आहे.

कळवेकर
दोघांचेही आभार. शिध्याविषयी वाचून क्षेत्रकार्याची वही पुन्हा उघडली. सून आणि नातू यांची नावे शिधापत्रिकेवर अद्याप चढलेली नाहीत, हे मी पहिल्याच भेटीत टिपले होते, पण 'इतर माहिती' या रकान्यात.