अनुभव धागा: भिंतीवरची बुरशी, कशावर काय चालतं?

श्रावण सरता सरता नाशिकमधल्या बऱ्याच घरांत भिंतींचे कोपरे आणि कपाटांची पाठ काळी पडते. पृष्ठभाग कोणता, औषध कोणतं, प्रमाण किती आणि कुठे फसतं, एवढं लिहा. कडुलिंबाचा पाला कृपया नको, पाला ओल शोषत नाही.

इंदिरानगर, वॉटरप्रूफिंग
आधी ओल कुठून येते ते शोधा. डागाजवळची भिंत पुसून कोरडी करा आणि फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेप लावून चिकटवा. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरच्या प्लास्टरची भेग, पॅरापेटचा सांधा, नाहीतर वरच्या बाथरूमचा पाइप. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर खोलीतली हवाच कोंदट आहे. पहिल्या प्रकारात गळती बंद होईपर्यंत कितीही घासा, बुरशी परत येणार. पांढरा भुगा दिसला तर थोडा पाण्यात टाकून बघा. विरघळला तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार, बुरशी नव्हे, आणि त्यावर ब्लीच म्हणजे भिंतीला आणखी पाणी पाजणं.

कॉलेज रोड
टाइल, काच, सिरॅमिकवर ब्लीच उत्तम. बाटलीत सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्क्यांच्या आसपास असेल तर लिटरभर पाण्यात १०० मिली. आधी साबणाने मळ काढा, मग ब्लीच लावून १० मिनिटं ओलं राहू द्या, घासा, धुवा. द्रावण रोज ताजं करा, उरलेल्याचा जोर जातो. सिंकच्या सिलिकॉनवर ब्लीचमध्ये भिजवलेली कापसाची वात दोन-तीन तास ठेवा. तरी काळंच राहिलं तर बुरशी आत गेलीय. सिलिकॉन कापून नवं भरा.
टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर यात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको.

सिडको, सुतारकाम
प्लायवूडवर ब्लीच नको. त्यात बहुतेक पाणीच. ते लाकडात मुरतं आणि बुरशीला ओल मिळते. साबणाच्या पाण्यात फडकं घट्ट पिळून पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग बारीक पॉलिश पेपर. मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं, पण रंग फिका करतं, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा. कपाट भिंतीपासून २-३ इंच पुढे ओढा. कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क एन-९५, कापडी नको. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत बसवा.

पिंपळगाव बसवंत
द्राक्षबागवाल्यांनो, उरलेलं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) भिंतीवर मारायचा मोह आवरा! निळे डाग पडतात आणि ओल तशीच राहते. डाऊनीचं (द्राक्षावरच्या केवडा रोगाचं) औषध बागेतच बरं.

पंचवटी, जुन्या वाड्यांची दुरुस्ती
चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट किंवा ऑइल पेंट चढवला की आतली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. सुटलेला थर खरवडा, भिंत वाळू द्या, मग पातळ चुन्याचे दोन-तीन हात द्या. ताजा चुना अतिशय अल्कधर्मी, बुरशीला तो मानवत नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा.

गंगापूर रोड, रंगकाम
बुरशीवर थेट रंग लावलात तर रंग सुटणारच. फुगलेली पुट्टी घट्ट थरापर्यंत काढा. भिजून काळं पडलेलं जिप्सम सीलिंग वाचवायला जाऊ नका, तेवढा तुकडा बदला. रंगाचं काम दिवाळीआधी उरकायची घाई असते, पण भिंत वाळली नसेल तर वरच्याच प्लास्टिकच्या युक्तीने तपासून मगच प्रायमर मारा.