अनुभव धागा: रोजच्या बाईकला 100 ऑक्टेन किंवा रेसिंगचं पेट्रोल घालून फायदा होतो का?

कोकणातल्या घाटात आणि पावसात चालणाऱ्या गाड्यांपुरतंच बोलू. गाडी कुठली, कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं) किती, काय बदललं ते लिहा. "पिकअप मस्त वाटला" नको.

गॅरेजवाला_चिपळूण
ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. प्लगच्या ठिणगीने लागलेली ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप भडकलं की नॉकिंग होतं; पेट्रोल ते कितपत रोखतं याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. क्लासिक 350 चं कॉम्प्रेशन 9.5:1, तिला साधं पेट्रोल भरपूर झालं. लहान गाड्यांना बहुधा नॉक सेन्सरच नसतो. ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) तुम्ही महागडं घातल्याचं कळणार कसं? ठिणगीचं टायमिंग होतं तिथेच राहतं.
कुंभार्ली घाटात टॉप गिअरला कडकड वाजत असेल तर आधी गिअर उतरवा. तरी वाजलं तर पिस्टनवरचा कार्बन, चुकीच्या हीट रेंजचा (इंजिनाला न मानवणारा, जास्त तापणारा) प्लग, कार्बोरेटरचा तुंबलेला जेट (मिश्रण पातळ होतं) या क्रमाने बघा. ऑक्टेनचा नंबर सगळ्यात शेवटी.

साखरपा_आंबा
थोडं वेगळं मत. आर15 चं 11.6:1, डॉमिनार 400 चं 12:1. भर मे महिन्यात, मागे माणूस बसवून, कमी आरपीएमवर घाट चढताना अशा इंजिनाला जादा ऑक्टेनचा आधार मिळू शकतो. पण साध्या ई20 चाच (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाच) ऑक्टेन आता 95 च्या घरात आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा सुमारे 108. त्यामुळे निव्वळ ऑक्टेनसाठी पंपावरच्या महागड्या '95' पेट्रोलचे जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही. एक्सपी100 (इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेन पेट्रोल) डिसेंबर 2020 मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणं होतं, आपली किनारपट्टी नव्हती. तिथून टाकी भरून आलात तरी अर्ध्यावर साधं भरलं की ऑक्टेन साडेसत्त्याण्णवच्या आसपास येतो.
आणि परदेशी व्हिडिओतला आकडा जसाच्या तसा धरू नका. अमेरिकेतलं 91 आपल्या मोजणीत साधारण 95-96 भरतं.

मालवणचो_गडी
स्प्लेंडरात घालून फरक काय पडणा नाय. पैसे मातर जातत.

देवगड_बंदर
इथे ऑक्टेनपेक्षा पाण्याचं बघा. टाकीच्या झाकणाभोवतीच्या रिंगमध्ये एक बारीक भोक असतं, त्यातून पावसाचं पाणी नळीने खाली जातं. लाल माती बसून ते तुंबलं की पाणी रिंगमध्ये साचतं आणि पंपावर झाकण उघडताच थेट टाकीत! इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की दोघं मिळून तळाला बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरतो. मग 100 घाला नाहीतर 91.
मृगाआधी क्लच केबलची जुनी तार त्या भोकातून आरपार फिरवा. झाकण बंद ठेवून रिंगमध्ये चमचाभर पाणी सोडा, नळीच्या खालच्या टोकाला ठिबकलं पाहिजे. शंका असेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा, नुसती वरून भरू नका: एफआय (फ्यूएल इंजेक्शन) गाडीचा पंप तळाचंच आधी ओढतो. कार्बोरेटरवाल्यांनी फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा) ड्रेन स्क्रूही सोडावा.

ट्रॅकडे_पनवेल
खरं रेसिंग फ्यूएल आणि पंपावरचं 100 यांत गल्लत नको. काही रेसिंग पेट्रोलांत शिसं असतं. विमानाच्या 100 एलएलमध्ये लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत. बीएस6 (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) गाडीचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर त्याने बाद होतात, आणि सेन्सर फसला की मिश्रणही बिघडतं. शिसं नसलेल्या काही रेसिंग पेट्रोलांत ऑक्सिजनवाले घटक जास्त. ईसीयूचा मॅप (पेट्रोल किती सोडायचं त्याचा तक्ता) न बदलता घातलं तर इंजिन पातळ मिश्रणावर तापतं.

गॅरेजवाला_चिपळूण
@साखरपा_आंबा, आर15 चं पटलं. पण मॅन्युअलमध्ये जेवढा ऑक्टेन लिहिलाय तेवढा पुरे. अॅव्हरेज तपासायचंच असेल तर तोच पंप, गाडी सरळ उभी, टाकी काठोकाठ न भरता दर वेळी एकाच खुणेपर्यंत. साइड स्टँडवर भरलेल्या टाकीचा हिशोब धरूच नका.