मदत हवी आहे: लेकराला घामोळ्या आल्यात, पावडर लावू का नको?

नमस्कार ताई-दादांनो, आम्ही परभणीचे, इथं मे महिन्यात काय ऊन असतंय ते मराठवाड्यातल्यांना सांगायची गरज नाही. लेकरू पाच महिन्यांचं आहे, मानेला अन् काखेत नुसत्या घामोळ्या, कूलर लावला तरी लाईट गेली की परत तेच. सासूबाई आंघोळ झाली की डब्यातनं पावडर भसाभसा टाकतात, खोलीभर उडती आणि लेकरू खोकायलंय, माझा जीव घाबरा होतो. त्या मायेनंच करतात, सगळी लेकरं अशीच वाढवली म्हणतात, पण या पावडरीतलं टाल्क म्हणजे खाणीतनं काढलेल्या दगडाचा भुगा आहे ना, अन् खाणीत जवळ अ‍ॅस्बेस्टॉस (कॅन्सर करणारं धाग्यासारखं खनिज) असला तर तोही मिसळू शकतो. जॉन्सननं २०२३ मध्ये जगभर टाल्क बंद करून मक्याच्या स्टार्चची बेबी पावडर आणली, २०२४ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं टाल्कमुळं कॅन्सर होण्याची बरीच शक्यता आहे असं सांगितलं. मला मात्र आत्ता छातीत भुगा जायची भीती जास्त वाटायलीय.

तर मक्याच्या स्टार्चची पावडर चालती का, का तीही उडतीच? का नुसतं गार पाण्यानं पुसून, कोरडं करून सुती झबलं घालावं? लंगोटाच्या जागी काय लावता? इतक्या लहान लेकराला कॅलामाइन चालतंय का? डॉक्टरकडं सोमवारी जाणारच आहोत. उरलेला डबा कॅरमला वापरू, त्याचं काही नाही. पण सासूबाईंचं मन न दुखवता कसं सांगावं, ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी प्लीज सांगा.