गच्चीवर गव्हाच्या बिअरला गुण द्यायला बसलो, पण गुण जुळतच नाहीत

रेवा_कोथरूड

मंडळी, मला नीट उत्तर हवंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही पाच जण. कॉलेजपासूनचे तिघं, माझा धाकटा भाऊ आणि एका मित्राची बायको. ती कोल्हापूरची, आणि आमच्यात सगळ्यात तिखट नाक तिचं. एप्रिल लागला की शनिवारी ऊन कलल्यावर गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची आणि गप्पा मारत बसायचं, हे कित्येक उन्हाळे चालत आलंय. यंदा मी ठरवलं, नेहमीची स्ट्राँग बंद. पुण्यातच बनलेली ताजी बिअर आणायची आणि प्रत्येकानं वहीत दहापैकी गुण द्यायचे, कारणासकट. कारण लिहिलं नाही तर गुण धरायचे नाहीत. जाताना सगळे रिक्षानं जातात, गाडी कुणीच काढत नाही.

गेल्या शनिवारी इथल्याच एका मायक्रोब्रूअरीतून (लहान प्रमाणावर बिअर बनवणारी जागा) हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, आणली, ग्राउलर (बिअर भरून न्यायची मोठी बाटली) भरून. घरी येईपर्यंत गार राहावी म्हणून बर्फाच्या डब्यात ठेवली होती. वहीतल्या नोंदी अशा:

मी ८. आधी लवंग, मग पिकलेल्या केळ्याचा वास, शेवटी गव्हाचा हलका गोडवा. तो जिभेवर रेंगाळत नाही, म्हणून पुढचा घोट घ्यावासा वाटतो.
कोल्हापूरकरीण ९. ‘केळं छान, फेस दाट, उन्हाळ्याला हीच.’
एक मित्र ६. ‘पहिला घोट नुसता गार लागला, चव नंतर आली.’
दुसरा ५. ‘शेवटचा ग्लास गढूळ आणि जाड. पहिल्या ग्लासासारखा नव्हता.’
भाऊ ३. ‘बिअरला केळ्याचा वास कशाला? बिघडलीय.’

एकाच ग्राउलरमधून ३ आणि ९! सरासरी काढली तर ६.२ येते, पण तो आकडा आमच्यापैकी कुणाचंच मत सांगत नाही. बिअर खरंच बिघडली होती का? आणि गुण कसे द्यावेत, म्हणजे ते बिअरबद्दल काही सांगतील? त्या ब्रूअरीतली मुलं मेहनतीनं बिअर बनवतात, त्यांना उगाच कमी लेखायचं नाही. उगाच डोक्यावरही घ्यायचं नाही.

मॅशटन

रेवाताई, मी काही वर्षं ब्रूअरीत बिअर बनवण्याच्या बाजूला काम केलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बिअर बिघडलेली नाही. हेफेवायझनमध्ये केळं आणि लवंग यायलाच हवेत. निम्मा किंवा त्याहून जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचा असतो, पण हे वास गव्हाचे नाहीत, यीस्टचे आहेत. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या रसायनाचा आणि लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. दोन्ही ते खास यीस्ट फर्मेंटेशनच्या, म्हणजे बिअर आंबवण्याच्या, वेळी तयार करतं. टाकी जरा उबदार ठेवली तर सहसा केळं वर येतं, गार ठेवली तर लवंग. पुण्यातल्या उन्हाळ्यात ही टाकी ताब्यात ठेवायला ब्रूअरचा जीव जातो, तेव्हा दोन्हींचा तोल साधला असेल तर त्याचं श्रेय त्याला द्या.

शेवटचा ग्लास गढूळ असणारच. ही बिअर गाळत नाहीत, आणि उभ्या ग्राउलरमध्ये यीस्ट तळाशी बसतं. ओतण्याआधी ग्राउलर हलकेच आडवा-उभा करा, हिसडू नका. मग सगळ्यांच्या ग्लासात सारखी बिअर येईल.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही पाच जणांनी एकच बिअर प्यायलेली नाही. गच्चीवर हवा ३५ अंशांच्या वर असेल. बर्फातून काढलेली बिअर २-३ अंशांना, तेव्हा वास दबलेला असतो आणि जिभेला फक्त गारवा कळतो. ‘पहिला घोट नुसता गार’ लिहिणाऱ्या मित्रानं अगदी अचूक नोंद केलीय! जो सावकाश पितो त्याचा ग्लास पंधरा-वीस मिनिटांत भलताच वर चढतो, फेस बसतो आणि केळं अंगावर येतं. भावाला विचारा, तो हळू पितो का.

म्हणून मोठा ग्लास भरू नका. प्रत्येकाला १०० मिली द्या, ७-८ अंशांना. फ्रीजमधून काढून पाचेक मिनिटं थांबलात की पुरे. ग्लास आदल्या दिवशी साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, कापडानं पुसू नका, उपडे वाळवा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस मरतो, आणि दोष मात्र बिअरच्या माथी येतो. फरसाण आणि मसाला शेंगदाणे गुण लिहून होईपर्यंत बाजूला. मध्ये साधा पाव आणि पाणी.

आणि लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. ‘बिघडलीय’ हा शब्द एकदा कानावर पडला की बाकीचे बिघाडच शोधतात.

गुणांसाठी बीजेसीपीची (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) ५० गुणांची पद्धत वापरा, स्पर्धांचे परीक्षक तीच वापरतात. वास १२, रूप ३, चव २०, तोंडात बिअर कशी भरते त्याचे ५, एकूण परिणाम १०. दिसण्याला फक्त ३ आहेत, हे विशेष लक्षात घ्या. खरा बिघाड शोधायचा तर लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास आणि जुन्या पुठ्ठ्याची चव, या तिन्हींकडे लक्ष ठेवा.

दापोलीचा_बंड्या

मॅशटन म्हणतात त्यातलं तापमान आणि ग्लास शंभर टक्के पटलं. ५० गुणांचा तक्ता मात्र मला पटत नाही. परीक्षक ‘ही हेफेवायझन हेफेवायझनसारखी आहे का’ हे तपासतात. मित्रांनी गच्चीवर ते कशाला तपासायचं? मी एकच प्रश्न विचारतो: या उकाड्यात दुसरा ग्लास मागशील का? हो की नाही. आमच्याकडे मे महिन्यात घामानं जीव नकोसा होतो, तेव्हा मला अवघड, कडू, जड बिअर नको असते, मग ती कितीही उत्तम बनवलेली असो. भावाला केळं आवडत नसेल तर त्याचे ३ खरेच आहेत. ते पुसू नका.

मॅशटन

बंड्याभाऊ, पुसा असं मी कुठे म्हटलं? दोन रकाने करा. एकात ‘नीट बनली आहे का’, दुसऱ्यात ‘मला आवडली का’. भांडण होतं ते या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्यामुळे. ब्रूअरला दोन्ही ऐकायला हवं असतं. डूलॅली ही मायक्रोब्रूअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, त्यानंतर इथे एकेक ब्रूअरी उभी राहिली आणि न गाळलेली गव्हाची बिअर लोकांच्या ओळखीची झाली. ती ओळख पिणाऱ्यांनी ‘हे आवडलं, हे नाही’ असं तोंडावर सांगितल्यामुळेच वाढली.

म्युनिकहून_अनघा

इथे उन्हाळ्यात हीच बिअर, त्यामुळे राहवलं नाही. ओतण्याआधी ग्लास गार पाण्यानं विसळून ओलाच ठेवा, मग ग्लास तिरका धरून सावकाश ओता. इथे सगळे असंच करतात. कोरड्या ग्लासात ही बिअर फेसानं उतू जाते. बाव्हेरियात १५१६ च्या नियमानं बिअरसाठी धान्यांपैकी फक्त जव ठेवला होता आणि पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क बराच काळ राजघराण्याकडे होता. आज ती ‘बिअर गार्डन’मध्ये, म्हणजे बाहेर उघड्यावर बसून बिअर प्यायच्या जागी, कुणीही पितो, आणि पारंपरिक बिअर गार्डनमध्ये घरचं खाणं आणायला परवानगी असते. मी पोळी-भाजी नेते आणि चेस्टनटच्या झाडाखाली बसते. बंड्याभाऊंचा ‘दुसरा ग्लास’वाला प्रश्न मला मनापासून आवडला.

रेवा_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार. काल तुम्ही सांगितलंत तसंच केलं, आणि एक गोष्ट माझ्याकडून वाढवली.

ओतायचं काम मी घेतलं, त्यामुळे मी गुण दिले नाहीत. चौघांना दोन-दोन छोटे ग्लास दिले, १ आणि २ असे चिठ्ठी लावून. दोन्हींत तीच हेफेवायझन. १ थेट बर्फातून, २ आठ अंशांना (स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून). हे त्यांना सांगितलं नव्हतं. लिहून होईपर्यंत गच्चीवर कुणी अवाक्षर काढलं नाही, आमच्या गटात हे नवलच.

चौघांपैकी तिघांना या दोन वेगळ्या बिअर वाटल्या! ‘नीट बनली आहे का’ या रकान्यात १ ला पन्नासपैकी २८, ३०, ३१, ३३ आणि २ ला ३४, ३६, ३८, ४१. म्हणजे प्रत्येकानं आठ अंशांच्या ग्लासाला जास्त दिले. एकच बिअर आहे हे ओळखलं ते कोल्हापूरच्या नाकानं. ती म्हणाली, ‘पहिल्यात लवंग आहे, पण बाहेर यायला घाबरतेय.’

भाऊ हळूच पितो, मॅशटन, तुमचा अंदाज बरोबर निघाला. त्यानं २ ला ३४ दिले, पण ‘आवडली का’ या रकान्यात दोन्ही ग्लासांना ‘नाही’ लिहिलं. आणि खाली एक ओळ: ‘नीट बनलीय हे कळतं. मला लवंग मसालेभातात आवडते, बिअरमध्ये नाही.’ ही त्याची वहीतली आजवरची सगळ्यात चांगली नोंद आहे, आणि ती मी ब्रूअरीत जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे. बाकी तिघांनी दुसरा ग्लास मागितला.

पुढच्या शनिवारी कोकम घातलेली गोझे (आंबट चवीची जर्मन बिअर) आणायचा विचार आहे. ती आणि हेफेवायझन एकाच बैठकीत ठेवू का?

मॅशटन

ठेवा, पण हेफेवायझन आधी. गोझेत मीठ आणि धणे असतात आणि ती मुळातच आंबट, त्यात कोकम. तिच्यानंतर गव्हाची बिअर पाणचट लागेल. गोझेचा वास घेताना धणे सापडतात का ते आधी बघा. मीठ शेवटी हलकं कळलं पाहिजे, खारट लागता कामा नये. ग्राउलर त्याच दिवशी भरून आणा आणि उघडला की त्याच संध्याकाळी संपवा, दुसऱ्या दिवशी बिअर मान टाकते. आणि भावाला यावेळी पहिला ग्लास द्या, कोकम त्याला जमेल असं वाटतंय.

दापोलीचा_बंड्या

कोकम आमच्या बाजूचं आहे, तेव्हा दोन्ही रकान्यांतले गुण इथे कळवा. मी वाट बघतोय.