गावठी मादी पिल्लासाठी नाव सुचवा

निळी_छत्री:
मंडळी, आमच्या इमारतीमागे सापडलेलं एक गावठी पिल्लू आम्ही ठेवून घेतलंय. मादी आहे, डॉक्टरांच्या अंदाजाने दोनेक महिन्यांची. रंग तांबूस, कानांची टोकं काळी. नावावरून मात्र घरात एकमत होत नाहीये. मुलाला 'ब्राउनी' हवंय, नवऱ्याला 'सरमा'. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की देवीचं नाव नको, कारण रागावताना ते तोंडी यायला नको. मला ते पटतं. मुलाचं नाव आदी आहे, हेही सांगून ठेवते.

माळरान:
आमच्याकडे मेंढरांबरोबर कायम कुत्री असतात. खंड्या, वाघ्या, मोत्या, काळ्या ही ठरलेली नावं. वाघ्या तर रायगडावरच्या समाधीमुळे सगळ्यांना माहीत. समाधीच्या इतिहासावर वाद आहेत, पण हाक मारायला नाव खणखणीत. मादी असेल तर वाघी, चंपी, तांबडी.

शेपटीवाले:
ताई, मी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नाव दोन अक्षरी असावं, फार तर तीन. क, ग, ट असा ठसठशीत आवाज सुरुवातीला असला, की गोंगाटातही हाक वेगळी कळते. तुम्ही रोज जे शब्द वापरणार, म्हणजे 'बस', 'ये', 'थांब', 'नको', त्यांच्याशी मिळतंजुळतं नाव टाळा. 'बन्सी' ऐकून ती बसायला लागेल. आदीमुळे 'गोदी', 'नंदी' हेही नको, नाहीतर एकाला हाक मारली की दोघं येतील.

निवडलेलं नाव घरातल्या प्रत्येकाने गच्चीवरून मोठ्याने हाकारून बघा, सासूबाईंनीसुद्धा. ज्यांच्याकडे ती दिवसभर राहणार, त्यांच्या जिभेवर ते सहज बसलं पाहिजे.

नावापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ते शिकवायचं कसं. नाव घ्या, तिने बघितलं की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. एका वेळी पाच-सहादा पुरे, दिवसातून दोन-तीन वेळा. फरशी ओली केली म्हणून नाव घेऊन ओरडू नका. नाव ऐकलं की काहीतरी चांगलं होतं, हे तिच्या मनात पक्कं बसू द्या. पुढे रस्त्यावर पट्टा सुटला, तर तीच हाक तिला परत आणेल.

पोथीघर:
'सरमा' मला मनापासून आवडलं. सरमा म्हणजे देवांची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिचा आणि गाई पळवणाऱ्या पणींचा संवाद आहे. लपवलेल्या गाईंचा माग काढत ती थेट त्यांच्यापर्यंत पोचते आणि त्यांच्या आमिषाला भुलत नाही. फक्त इमारतीत कुणी शर्मा राहत असतील, तर रोज सकाळी खिडकीतून ती हाक मारणं बरं दिसणार नाही.

रानपाखरू:
तांबूस अंग आणि काळी टोकं? मग 'गुंजा'! गुंजेचं बी अगदी तसंच असतं, लाल आणि टोकाला काळं. पूर्वी सोनार त्यानेच सोनं तोलायचे.

निळी_छत्री:
गुंजा! सासूबाईंनी लगेच दोनदा म्हणून पाहिलं. नवऱ्यालाही आवडलं. आदी अजून 'ब्राउनी'वर अडून आहे. दोन्ही नावं चालतील का?

शेपटीवाले:
लाडाचं नाव पुढे पडतंच, सगळ्यांच्या कुत्र्यांना पडतं. पण पहिले काही आठवडे सगळ्यांनी एकच नाव घ्या. आदीला पटवायचं असेल, तर खाऊचे तुकडे त्याच्याच हातात द्या आणि 'गुंजा' म्हणायचं काम त्याच्याकडे सोपवा. त्याच्या हाकेवर ती वळली, की तोच दुसऱ्यांना दुरुस्त करायला लागेल.

माळरान:
नाव झक्कास. पट्ट्याला बिल्ला लावाल, त्यावर फोन नंबर ठळक घाला आणि नाव बारीक. हरवली तर सापडणाऱ्याला नंबरच लागतो. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस चुकवू नका.